येझदीचं तेल, प्लग आणि चिंचपोकळीचा पूल

रेकॉर्डिंगमध्ये गाडीचा आवाज इतका आलाय की माझे अर्धे शब्द ऐकूच येत नाहीत. म्हणून हा एपिसोड इथे लिहून देतोय.

आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय, दोन महिन्यांत खोली खाली करायची. जिन्याखाली बाबांची येझदी सहा वर्षं बंद पडून होती. बाबा म्हणाले, "चालली तर नेऊ, नाहीतर भंगारवाल्याला बोलाव."

येझदी म्हणजे म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची गाडी. किक आणि गिअरचा दांडा एकच! कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. सरकारी नियमात 'विंटेज' म्हणजे ५० वर्षांहून जुनी, तेवढी आमची नाही. पण सर्व्हिस सेंटरला विचारायची सोय नाही, त्यामुळे सगळं आपणच समजून घ्यायचं.

आधी तेल

ही टू-स्ट्रोक. पिस्टनला तेल पोचवायला वेगळी टाकी नाही, पंप नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेलच आत जाऊन वंगण करतं. १:२५ म्हणजे लिटरला ४० मिली, १:४० म्हणजे २५ मिली. आपल्या मॉडेलचं प्रमाण मॅन्युअलमध्ये बघा. अंदाजे ओतू नका. तेल कमी पडलं तर इंजिन सीझ होतं, जास्त झालं तर धूर आणि कार्बन. धुराचा उपाय आहे, सीझ झालेल्या इंजिनाचा खर्च मोठा.

डब्यावर 'जासो एफसी' किंवा 'एफडी' लिहिलंय का बघा. एफसीला धूर कमी, एफडी इंजिन आतून आणखी स्वच्छ ठेवतं. 'टीसी-डब्ल्यू३' लिहिलेलं तेल होडीच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, ते नको.

गिअरबॉक्सचं तेल वेगळं, आणि क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. म्हणून तिथे कारचं तेल ओतू नका, क्लच घसरू शकतो. ग्रेड मॅन्युअलप्रमाणे, आणि डब्यावर 'जासो एमए' हवं.

आता प्लग, म्हणजे माझा गाढवपणा

सॉफ्टवेअरवाल्याच्या डोक्यात एकच: नंबर मोठा म्हणजे व्हर्जन नवीन. मॅन्युअलप्रमाणे बसणारा बी७एचएस होता. दुकानात बी९एचएस दिसला, मी तोच घेतला. आर्थर रोडच्या ट्रॅफिकमधून रखडत निघालो आणि चिंचपोकळीच्या पुलाच्या चढावर गाडी गप्प. मागे बेस्टची बस हॉर्न देतेय, बाबा गाडी ढकलतायत. "इंजिनिअर ना रे तू?" एवढंच म्हणाले.

झालं काय होतं? प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापलं तरच त्याच्यावरचा कार्बन जळून जातो. ८५० च्या वर गेलं तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटायला लागतं. एनजीकेमध्ये आकडा मोठा तितका प्लग 'थंड', म्हणजे उष्णता पटकन सोडणारा. हळू चालणाऱ्या गाडीत माझा ९ नंबर तापलाच नाही, तेलाने काळा ओला झाला. गंमत म्हणजे बॉशच्या आजच्या नंबरांत उलटं आहे: आकडा मोठा तितका प्लग गरम. म्हणून ब्रँड बदलताना आकड्याला आकडा जुळवू नका, कंपनीचा तक्ता बघा.

बाकीची अक्षरंही कामाची. 'बी' म्हणजे १४ मिमीचे आटे, 'एच' म्हणजे १२.७ मिमी लांबी. लांब प्लग लावला तर पिस्टनवर आपटू शकतो. गॅप फीलर गेजने मोजा. बसवताना आधी हातानेच फिरवा, पाना शेवटी. हेडचे आटे ॲल्युमिनियमचे असतात, एकदा गेले की गेले.

प्लग वाचायचा

थोडी लांब फेरी मारा, इंजिन थंड होऊ द्या, मग प्लग काढा. चहासारखा तपकिरी असेल तर छान. काळा ओला असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त, नाहीतर प्लग थंड. पांढरा फटक असेल तर गाडी दामटू नका: पेट्रोल कमी पोचतंय किंवा प्लग गरम आहे.

बी७एचएस लावला आणि परवा पहाटे, रस्ता मोकळा असताना, त्याच पुलावर पुन्हा गेलो. चढली! घरी येऊन प्लग काढला, तर अगदी कटिंगच्या रंगाचा.

भंगारवाल्याचा विषय बाबांनी पुन्हा काढलेला नाही. काल मात्र आईचा औषधाचा मापाचा कप घेऊन तेल मोजत बसले होते. आईला कळलं नाहीये, तुम्हीही सांगू नका.

पुढच्या एपिसोडमध्ये कार्ब्युरेटर. भेटूच!