बाळ घेऊन चार लोकांत जाताना

सव्वा महिना संपतो आणि दीड महिन्याच्या लसीसाठी घराबाहेर पडावेच लागते. त्या दिवशी अनेक नवमातांच्या छातीत धडधडते. एसटीत बाळ रडले तर? पाजायचे कुठे? लोक काय म्हणतील? आपल्या नगर जिल्ह्यातल्या भगिनी हे प्रश्न दबक्या आवाजात विचारतात, म्हणून या वेळी त्यावरच लिहीत आहोत.

ही भीती म्हणजे दुबळेपणा नव्हे. बाळंतपणानंतर संप्रेरके झपाट्याने घसरतात, झोप तुटक होते आणि बाळाला जपण्यासाठी मन सतत सावध राहते. त्यात लोकांच्या नजरा आणि फुकटचे सल्ले. मग आई बाहेर जाणेच टाळते. टाळले की तेवढ्यापुरते बरे वाटते. पण भीती खरी होती का, हे पडताळायची संधी जाते आणि पुढच्या वेळी ती वाढलेली असते.

डिसेंबर २०२२ मध्ये देवळाली या राखीव मतदारसंघाच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूर अधिवेशनाला आल्या. सगळे कॅमेरे त्यांच्याकडे वळले. पुढच्या वर्षी मुंबईच्या अधिवेशनात, हिरकणी कक्षात नीट सोय नाही, हेही त्यांनी जाहीरपणे सांगितले. प्रश्न एकट्या आईच्या धैर्याचा नाही, समाजाने करून द्यायच्या सोयीचाही आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी बाळंतिणीची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब मानली होती.

भीती पायरीपायरीने उतरवावी:

१. आधी दारात, मग शेजारी, मग विहारात, शेवटी एसटीचा प्रवास. एका पायरीवर धडधड कमी झाली की पुढची.

२. पहिल्या वेळी पती, सासूबाई किंवा बहीण सोबत असावी.

३. भीती दाटली की श्वासावर लक्ष आणावे. श्वास सावकाश सोडावा. आनापानाचा सराव इथे कामी येतो.

४. बाळ रडले तर आधी बाळाकडे पाहावे, लोकांकडे नंतर. रडणे ही बाळाची भाषा आहे, आईची चूक नव्हे.

५. पाजण्यासाठी मोठी ओढणी जवळ ठेवावी. बसस्थानकात हिरकणी कक्ष आहे का, ते विचारावे. बंद असेल तर उघडून मागावा. त्यात संकोच कसला?

पहिल्या काही दिवसांतले रडू आणि हळवेपणा साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. त्यानंतरही उदासी, धास्ती, बाळ झोपले तरी झोप न लागणे चालू राहिले, तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे १३ टक्के बाळंतिणींना मानसिक आजार होतो; विकसनशील देशांत हे प्रमाण अधिक आहे. 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास चालू असतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, भास, असंबद्ध बोलणे दिसले, तर आईला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

घरच्यांनी 'आम्ही नाही का पोरं वाढवली?' असे म्हणू नये. आमची विहार समित्यांना विनंती आहे, की एका कोपऱ्यात पडदा लावा, एक खुर्ची आणि पाण्याचा तांब्या ठेवा. वंदनेच्या मध्येच बाळ रडले, तर कुणी मान वळवून पाहू नये. एवढ्याने एखादी आई पुढच्या रविवारी पुन्हा येईल.