केम्पोमधील प्रहारतंत्रे आणि संपर्कयुक्त सराव-लढत : एक विवेचन

प्रस्तावना

'केम्पो' हा शब्द 'मूठ' आणि 'पद्धती' अशा अर्थांच्या दोन चिनी अक्षरचिन्हांच्या जपानी उच्चारातून सिद्ध झाला आहे. चिनी भाषेत हीच चिन्हे 'च्वानफा' अशी वाचली जातात, तर अमेरिकेत हा शब्द 'केन्पो' असा रूढ झाला. त्यामुळे केम्पो हे कोणा एका संप्रदायाचे नाव नसून जपान, हवाई व अमेरिकेत स्वतंत्रपणे वाढलेल्या अनेक शाखांचे ते सामायिक नाव आहे. तथापि या सर्व शाखांपुढे एक अडचण समान आहे. ज्या प्रहाराने मनुष्य खरोखर जायबंदी होऊ शकतो, त्याचा सराव रोज भेटणाऱ्या सहाध्यायावर कसा करावयाचा? हात किती राखावयाचा, या एका प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात केम्पोच्या प्रहारतंत्रांचा व सराव-लढतीचा विचार केला आहे.

हवाई बेटांतील पार्श्वभूमी

अमेरिकन केन्पोचा उगम होनोलुलूमध्ये झाला. जेम्स मितोसे यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे शिकवण्यास आरंभ केला. विल्यम चाऊ हे त्यांच्या वर्तुळातील, आणि चाऊ यांचे शिष्य एड पार्कर (१९३१-१९९०). पार्कर यांनी १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे शाळा काढली आणि तेथूनच या विद्येचा अमेरिकेत विस्तार झाला. दरम्यान, १९४० च्या दशकाच्या अखेरीस होनोलुलूच्या पालामा या कष्टकरी वस्तीत एड्रियानो एम्पेराडो व त्यांच्या चार सहकाऱ्यांनी कराटे, ज्युदो, जुजुत्सु, केन्पो व चिनी मुष्टियुद्ध यांच्या मिश्रणातून 'काजुकेन्बो' ही पद्धती घडविली. या वस्तीत रस्त्यावरील मारामाऱ्या नित्याच्या होत्या आणि तंत्राची परीक्षा एकमेकांना प्रत्यक्ष मारूनच घेतली जाई. हात न राखण्याचा हा मार्ग प्रामाणिक असला, तरी तो सोसू शकणारे विद्यार्थी थोडेच होते.

प्रहारतंत्राचे स्वरूप

पार्कर यांनी निराळी वाट धरली. प्रहारामागील गतिनियमांची त्यांनी परिभाषा बनविली. प्रहाराच्या रेषेत शरीराचे वजन आणणे, कंबर व खांदे फिरवून पीळ निर्माण करणे आणि शरीर खाली येत असताना गुरुत्वाकर्षणाची मदत घेणे, हे बलनिर्मितीचे तीन मार्ग त्यांच्या अध्यापनात वारंवार येतात. केवळ दंडाच्या जोरावर मारलेला ठोसा आणि पाऊल टेकण्याच्या क्षणी संपूर्ण शरीरासह पोचलेला ठोसा यांतील फरक नवशिक्यालाही जाणवतो.

'पाच तलवारी' या नावाचे प्रसिद्ध तंत्र उदाहरणादाखल पाहता येईल. प्रतिस्पर्ध्याने उजव्या हाताचा बाहेरून वळसा घेणारा ठोसा मारला, अशी कल्पना असते. बहुतेक शाळांत शिकविला जाणारा क्रम असा : उजवे पाऊल पुढे टाकत बचावकर्ता दोन्ही हातांनी तो ठोसा मार्गातच अडवतो, तोच उजवा हात सरळ मानेवर हाताच्या धारेने पडतो, डावा तळहात चेहऱ्यावर, उजवी मूठ खालून पोटात, पोटातील ठोशाने वाकलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या मानेच्या दुसऱ्या बाजूस डाव्या हाताची धार, आणि शेवटी मानेच्या मागील भागावर उजवी. येथे प्रत्येक प्रहार आधीच्या प्रहाराने घडविलेल्या शरीरस्थितीवर अवलंबून आहे. पोटात मार बसला म्हणून मनुष्य वाकतो, आणि वाकला म्हणूनच मानेची मागील बाजू उघडी पडते.

हाताची धार, तळहात, बोटे व कोपर यांचा असा मुबलक वापर हे केन्पोचे वैशिष्ट्य होय. यामागे शरीररचनेचे साधे कारण आहे. उघड्या मुठीने डोक्याच्या कवटीवर मारल्यास करंगळीच्या मागील हाड मोडण्याची शक्यता मोठी असते. तळहाताच्या मनगटालगतच्या मांसल भागाला हा धोका पुष्कळच कमी.

परंतु या तंत्राचा दुबळेपणाही याच क्रमात दडलेला आहे. वर्गात ठोसा मारणारा सहाध्यायी एकदाच मारतो आणि मग हात लांब ठेवून स्तब्ध उभा राहतो. पाचही प्रहार त्वचेपाशी थांबतात, तरीही तो ठरल्याप्रमाणे वाकतो. म्हणजे प्रहाराचा परिणाम प्रहाराने न घडता सहकार्याने घडतो. पार्कर यांना याची जाणीव होती. त्यांनी अभ्यासाचे तीन टप्पे सांगितले : प्रथम आदर्श स्थिती, नंतर 'असे न घडल्यास काय?' हा प्रश्न, आणि अखेरीस प्रसंगानुरूप स्वतः रचना करणे. अनेक शाळांचा अभ्यास पहिल्या टप्प्यावरच थांबतो, हा दोष पद्धतीचा कमी व शिकविणाऱ्यांचा अधिक म्हणावा लागेल.

सराव-लढत : काय मिळते, काय हरवते

ही उणीव भरून काढण्यासाठी सराव-लढत असते. पार्कर यांनीच १९६४ मध्ये लाँग बीच येथे सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय कराटे स्पर्धेने गुणांवर आधारित लढतीला मोठे व्यासपीठ मिळाले. अशा लढतीत चेहऱ्यावरील प्रहार स्पर्शापूर्वी थांबवावयाचा, अथवा नाममात्र स्पर्श करावयाचा असतो. यातून पायांची चपळता व वेळेचे भान येते. मात्र दोन इंच अलीकडे थांबण्याची हजारो वेळा केलेली सवय अंतराचा अंदाजही दोन इंचांनी चुकवते. शिवाय मार खाण्याचा अनुभव नसलेला मनुष्य पहिल्याच खऱ्या ठोशाने गोंधळून जातो.

१९७० च्या दशकाच्या आरंभी जून री यांनी फेसाळ रबरासारख्या मऊ पदार्थाचे हातमोजे व पायमोजे प्रचारात आणले आणि १९७४ मध्ये लॉस एंजलिस येथे पूर्ण-संपर्क कराटेच्या जागतिक लढती झाल्या. येथे मात्र दुसरेच काही हरवले. मोजा चढवताच बोटे व हाताची धार निरुपयोगी होतात आणि 'पाच तलवारीं'पैकी चार गळून पडतात. उरतो तो पोटातील ठोसा. मोजे घातलेला केन्पोचा विद्यार्थी मुष्टियोद्ध्यासारखा लढताना दिसतो, अशी तक्रार जुनी असली तरी ती काहीशी अन्यायकारक आहे. साधन बदलले की तंत्र बदलणारच. लढतीतून अंतर, वेळ आणि भीतीवरील ताबा शिकावयाचा. हाताची धार कोठे व कोणत्या मार्गाने जाते, हे तिच्यातून शिकता येणार नाही.

ओसाकातील उत्तर

याच प्रश्नाचे सर्वांत पद्धतशीर उत्तर जपानमध्ये फार पूर्वी दिले गेले होते. ओसाकाच्या कान्साई विद्यापीठात शिकलेले ज्युदोपटू मुनेओमी सावायामा यांनी १९३२ मध्ये 'निप्पॉन केम्पो'ची स्थापना केली. ठोसे व लाथा यांचा मुक्त सराव ज्युदोत नव्हता, आणि तो केवळ ठरावीक क्रमात करणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी लोखंडी जाळीचा मुखवटा, छातीचे कवच, जांघेचे संरक्षण व जाड मोजे योजले आणि प्रहार पूर्ण बळाने मारावा असा नियम केला. ठोसे, लाथा, फेकी व सांध्यांवरील पेच हे सर्व एकाच लढतीत येतात. जपानी विद्यापीठांच्या क्रीडामंडळांत ही पद्धती रुजली, हे महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

मेंदूवरील आघात

तथापि कवच कितीही मजबूत असले तरी मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. हनुवटीवर बाजूने बसलेल्या ठोशाने डोके झटक्याने फिरते व मेंदूच्या ऊतींना ताण बसतो. शिरस्त्राणामुळे जखमा टळतात. डोक्याचे फिरणे फारसे टळत नाही. हौशी मुष्टियुद्धात २०१३ मध्ये वरिष्ठ पुरुष गटातील शिरस्त्राण काढून टाकण्यात आले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष खेळाडू त्यावाचून लढले. वारंवार डोक्यावर मार खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांच्या मानसिक व शारीरिक ऱ्हासाचे वर्णन अमेरिकन वैद्यक हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच केले होते. त्यानंतर जवळजवळ शतक लोटले, तरी प्रशिक्षणवर्गात 'डोके गरगरले तर पाणी पी आणि पुन्हा उभा राहा' हा सल्ला ऐकू येतो.

कन्कशन होण्यासाठी बेशुद्ध पडावेच लागते, हा मोठा गैरसमज आहे. डोकेदुखी, मळमळ, प्रकाश सहन न होणे, नुकतेच घडलेले न आठवणे, उत्तर देण्यास लागणारा विलंब, यांपैकी एक लक्षण दिसले तरी त्या दिवशीचा सराव तेथेच थांबवावयाचा, असे आजच्या क्रीडावैद्यकाचे स्पष्ट मत आहे. त्यानंतर एक-दोन दिवसांची सापेक्ष विश्रांती, मग हलका व्यायाम, मग संपर्काविना तंत्राभ्यास, आणि वैद्यकीय संमतीनंतरच लढत, असा चढता क्रम पाळावा लागतो. मेंदू पूर्ववत होण्यापूर्वीच दुसरा आघात झाल्यास, विशेषतः कोवळ्या वयात, तो क्वचित प्राणघातकही ठरतो.

म्हणून छाती व पोटावर कवचासह जोराचा संपर्क, डोक्यावर मात्र स्पर्शापुरताच, अशी विभागणी अनेक जाणते प्रशिक्षक करतात. डोक्यावरील पूर्ण बळाचा प्रहार ते हाताने धरलेल्या गादीवर किंवा टांगलेल्या पिशवीवर करवून घेतात. तेथे हात राखावा लागत नाही आणि अंतराचाही खरा अंदाज येतो. या विभागणीत लढत अपुरी राहते, हे खरेच आहे. पण कोणता विद्यार्थी आज थकला आहे, कोण रागाने जोर वाढवीत आहे, आणि मार बसल्यावर कोणाची नजर स्थिर नाही, हे पाहून लढत थांबविण्याचा अधिकार वर्गात एकट्या प्रशिक्षकाकडे असतो. विद्यार्थी स्वतःहून 'पुरे' म्हणेल, याची वाट पाहता येत नाही.