वास न येणारे विष

लालबाग-परळच्या कापडगिरण्या चालू होत्या, तेव्हा ब्लीचिंग खात्याजवळून जाणाऱ्याला आत काय चालले आहे ते नाकानेच कळे. क्लोरीनचा दर्प लपविता येत नसे. १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्यांची धुराडी थंडावली. परंतु वस्त्ररसायनाचे शिक्षण देणारी १९३३ ची माटुंग्याची संस्था, जुन्या मुंबईकरांची ‘यूडीसीटी’, आज स्वतंत्र विद्यापीठाच्या दर्जाने उभी आहे. तेथील रसायनज्ञांनी अलीकडच्या काळात हाताळलेल्या द्रावकांत ‘आयनिक द्रव’ हा एक वर्ग आहे. त्याची वाफ जवळजवळ होतच नाही, त्यामुळे तो नाकाला कळत नाही. आणि नेमके येथेच जग फसले.

आयनिक द्रव म्हणजे एक प्रकारचे मीठच. घरातले मीठ वितळण्यास सुमारे ८०० अंश सेल्सियस तापमान लागते, कारण त्यातील धनभारित व ऋणभारित कण एकमेकांस घट्ट बिलगलेले असतात. तेच कण अवजड व बेढब असले की त्यांची रचना नीट बसत नाही आणि मीठ साध्या तापमानालाही पातळ राहते. पॉल वाल्डेन यांनी १२ अंशांना वितळणारे असे मीठ १९१४ मध्येच नोंदविले होते. १९९२ मध्ये हवापाण्यात टिकणारे आयनिक द्रव हाती आले आणि पुढे त्यांना ‘हरित द्रावक’ अशी पदवी बहाल झाली. बेन्झीनसारख्या उडून जाणाऱ्या द्रावकांनी कामगारांचे काय केले हे ठाऊक असणाऱ्यांना आनंद व्हावा, हे स्वाभाविकच होते.

परंतु जे हवेत जात नाही ते पाण्यातही जात नाही, असे थोडेच आहे! यांतील अनेक द्रव पाण्यात सहज विरघळतात, आणि मुंबईच्या सांडपाण्याची अखेर खाडीत वा समुद्रातच होते. शैवल, जिवाणू व पाणपिसवा यांच्यावरील चाचण्यांत असे दिसले की, इमिडॅझोलियम वर्गातील रेणूची कार्बनची शेपटी जितकी लांब, तितके विष अधिक. असा रेणू साबणासारखा वागतो. पेशीच्या स्निग्ध आवरणात शिरून ते विस्कटून टाकतो. शिवाय ज्या टिकाऊपणाचे एवढे कौतुक झाले, तोच गाळात अवगुण ठरतो, कारण जिवाणूंना हा पदार्थ सहजी पचत नाही.

अर्थात शेपटी किती लांब ठेवायची हे रसायनज्ञाच्याच हाती असते. ती आखूड करता येते, तिच्यात ऑक्सिजन गुंफता येतो, जिवाणूंना तोडता येईल असा एस्टरचा सांधा घालता येतो. अंड्याच्या बलकातून शरीराला मिळणारे कोलीन व अमिनो आम्ले यांपासूनही आयनिक द्रव बनतात. त्यांचा एक चुलतभाऊ २००३ मध्ये इंग्लंडात लीस्टर येथे पुढे आला : ३०२ अंशांना वितळणारे कोलीन क्लोराइड आणि १३३ अंशांचा युरिया यांचे मिश्रण १२ अंशांना पातळ होते. (युरिया शेतकऱ्याच्या ओळखीचा, म्हणून तो खाडीत सोडावा असे नव्हे, त्याने शैवल माजते.)

अडचण अशी की, शेपटी आखूड झाली की तेलकट पदार्थ विरघळविण्याची शक्तीही घटते. म्हणूनच विषाची परीक्षा कारखान्याच्या दारात नव्हे, पहिल्या परीक्षानळीपाशीच व्हायला हवी. पाणपिसवांची प्राथमिक चाचणी ४८ तासांत होते. उत्पादनाची टक्केवारी दशांशापर्यंत टिपणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत तेवढा एक रकाना वाढविण्यास कोणत्या विभागप्रमुखाची हरकत असावी?