सूर केव्हां थांबतो?

गवयाचा श्वास संपला कीं सूर थांबतो. पेटीचा भाता बसला कीं तोही विरतो. परंतु संगणकाकडून वाद्य वाजवून घेतांना सुरास असा नैसर्गिक शेवट नसतो. तो कोणीतरी सांगावा लागतो.

हें सांगण्याची परिभाषा 'मिडी' या नांवानें १९८३ सालीं प्रचारांत आली. तींत प्रत्येक सुरास ० ते १२७ पर्यंतचा एक अंक असतो. पेटीची मधली पांढरी एक ६० धरल्यास तिचा पंचम ६७ होतो. कळ दाबतांच 'सूर लावा' असा निरोप जातो. त्यांत सोळांपैकीं वाहिनी कोणती, सुराचा अंक कोणता व कळ किती वेगानें दाबली, एवढेंच असतें. कळ सुटतांच 'सूर सोडा' असा दुसरा निरोप जातो. सूर किती वेळ टिकावा, हें दोहोंपैकीं एकांतही नसतें.

ज्यांचा आश्रम नाशिकास पंचवटींत होता, त्या पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या स्वरलिपींत स्वराखालींच मात्रेचें चिन्ह असतें. वाचणारास शेवट आरंभींच कळतो. मिडीची रीत मात्र अंबडच्या कारखान्यांतील लेथसारखी आहे. बटण दाबून सुरू केलेला लेथ, बंद करीपर्यंत फिरतच राहतो.

म्हणून आज्ञावली लिहिणारानें लावलेल्या प्रत्येक सुराची नोंद ठेवावी. समजा, ६० हा सूर वाजत असतांनाच गायकाच्या सोयीसाठीं पट्टी दोन अंकांनीं चढविली. आतां कळ सुटली म्हणजे नव्या हिशोबानें ६२ सोडण्याचा निरोप जातो, आणि ६० तसाच गुंजत राहून सारें भजन बिघडवितो. यास्तव लावतांना जो अंक धाडला, तोच सोडतांना धाडावा.

दुसरी मेख शून्याची. 'सूर लावा' या निरोपांत वेग शून्य असेल, तर त्याचा अर्थ 'सूर सोडा' असाच होतो. याचें कारण काटकसर होय. मूळच्या तारेवरून सेकंदास ३१,२५० च द्विमान अंक जात. लागोपाठचे निरोप एकाच जातीचे असल्यास जात पुनः सांगावी लागत नाहीं. शून्यास अतिमंद सूर समजणारी आज्ञावली तो सूर कधींच सोडीत नाहीं.

गाणें मध्येंच थांबविल्यास नोंदींत उरलेला प्रत्येक सूर सोडावा. 'सर्व सूर बंद' असाही एक निरोप आहे. पण सर्वच वाद्यें तो पाळतात असें नाहीं. यंत्रास श्वास नाहीं. त्याच्या श्वासाचा हिशोब लिहिणारानेंच ठेवावयाचा असतो.