जितके घाणे, तितक्या पळ्या

चाळीसगावहून पाटणादेवीला गेलात कधी? गौताळ्याच्या डोंगरांत, गर्द रानात देवीचं देऊळ आहे. या पाटणला एक कोरीव लेख सापडला. दगडावरचा, इ.स. १२०७ च्या सुमाराचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. मला विचाराल तर जळगाव जिल्ह्यातला सगळ्यात भारी दगड तोच!

कारण त्यात एका शाळेची हकीकत आहे. ‘लीलावती’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं पाटणला मठ काढला. आता मठ म्हटला की खर्च आलाच. तो कुठून भागवायचा, हेही दगडावर लिहून ठेवलंय. बराचसा लेख संस्कृतात आहे, पण शेवटी गावातल्या देण्याघेण्याचा भाग येतो, तो मात्र चक्क मराठीत! त्यात तेलाच्या घाण्यांसाठी एक नियम आहे: जेवढे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे एकेक पळी तेल मठाला.

गावात घाणे किती, ते लिहिलेलंच नाही. लिहायची गरजच नव्हती. पाच असले तर पाच पळ्या. पुढच्या वर्षी दोन नवे घाणे सुरू झाले तर सात. सगळे बंद पडले तर शून्य. नियम तोच राहतो, दगड पुन्हा कोरावा लागत नाही.

संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणारे आज हेच करतात आणि त्याला ‘मॅप’ म्हणतात. मॅपला दोनच गोष्टी द्यायच्या: एक यादी आणि एक कृती. यादीतल्या प्रत्येकावर ती कृती करायची आणि उत्तरांची नवी यादी बनवायची, बस्स.

करून बघू या. रावेरच्या बागेतून केळीचे तीन घड आलेत. वजनं १८, २२ आणि २० किलो. प्रत्येकाचा दांडा २ किलोचा धरू. कृती काय, तर ‘२ वजा करा’. नवी यादी आली १६, २०, १८. तीन घड होते, तीनच उत्तरं आली, आणि त्याच क्रमानं. जुनी यादीही जागच्या जागी शाबूत आहे, ती कुणी खोडली नाही. तीन घडांऐवजी ट्रकभर घड असते, तरी कृती तीच, एका ओळीची.

कृती मात्र सगळ्यांना सारखी हवी. एकाला मोठी पळी, दुसऱ्याला छोटी, असं चालणार नाही. तेही दगडावर आहेच! इथं जे मोजायचं ते मठाच्या मापानं मोजा, असं लगेच पुढे सांगितलंय. कोरणाऱ्यानं किती विचार केला असेल!

अमेरिकेतल्या जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली ‘लिस्प’ या संगणकभाषेवर लेख लिहिला, त्यात अशी यादीवर चालणारी कृती आहे. पुढे २००४ मध्ये गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी हीच युक्ती हजारो संगणकांना वाटून दिली. वाटता का आली? पहिल्या घाण्याचं तेल मोजायला दुसऱ्या घाण्याचं माहीत असावं लागत नाही. पाच माणसं पाच घाण्यांवर एकदमच जाऊ शकतात.

पण सगळीच कामं अशी वाटता येत नाहीत. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’त २४ ‘ज्यां’चं कोष्टक आहे. ज्या म्हणजे वर्तुळातली एक लांबी. मोठ्या वर्गात हीच तुम्हाला ‘साइन’ नावानं भेटेल. या ज्या काढायची एक जुनी रीत सूर्यसिद्धांतात दिली आहे. पहिली ज्या २२५, आणि पहिली वाढही २२५ धरायची. मग हाताशी असलेल्या ज्येला २२५ नं भागायचं आणि जवळचा पूर्णांक घ्यायचा. तो आधीच्या वाढीतून वजा केला की नवी वाढ मिळते. ती ज्येत मिळवली की पुढची ज्या तयार.

२२५ भागिले २२५ म्हणजे १. वाढ झाली २२४, आणि ज्या ४४९. पुन्हा भागा, साधारण २ येतात. वाढ २२२, ज्या ६७१. आता साधारण ३ येतात. वाढ २१९, ज्या ८९०.

इथं चोवीस मुलांना एकेक ज्या वाटून दिली तर पाचवीवाला चौथीवाल्याची वाट बघत बसणार, कारण या रीतीनं मागचं उत्तर आल्याशिवाय पुढचं निघतच नाही. म्हणून हा मॅप नव्हे.

चौथी ज्या आणि तिची वाढ तुमच्या हातात आहे. कागद घ्या, पाचवी काढा. बरोबर आली तर ती ११०५ असेल. मग सहावीही काढून बघा!