कोड एआय लिहील. ड्राय रन तुम्हीच करा

ऑक्टोबर २०२४मध्ये गूगलचे सुंदर पिचाई यांनी सांगितलं, की कंपनीतला चतुर्थांशाहून अधिक नवा कोड आता एआय तयार करतो आणि अभियंते तो तपासून स्वीकारतात. जुलै २०२५मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं आणि पुण्या-मुंबईतल्या घराघरांत त्याची चर्चा झाली. वर्ष सरता सरता कॉलिन्स शब्दकोशाने ‘व्हाइब कोडिंग’ हा वर्षाचा शब्द ठरवला. आपण फक्त काय हवं ते सांगायचं आणि कोड एआयवर सोपवायचा, अशी ही पद्धत. या बातम्या वाचून कॉम्प्युटर शाखेत मूल घातलेले पालक एकच प्रश्न विचारतात: मग फॉर लूप आणि फंक्शनचे सराव घोटून घेण्यात आता काय अर्थ उरला?

अर्थ उरला आहे, आणि पूर्वीपेक्षा जास्त. मात्र सरावातून काय कमवायचं, हे नीट कळायला हवं. सरावातून मिळालेला कोड ही कमाई कधीच नव्हती. कोड चालताना आत काय घडतं याचं जे चित्र डोक्यात तयार होतं, ती खरी कमाई. कोड आता फुकट मिळतो. ते चित्र मात्र कोणी तयार करून देत नाही.

जावास्क्रिप्टच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे लागू होतं. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत या भाषेचा पहिला अवतार लिहिला आणि त्याच वर्षीच्या ४ डिसेंबरला ती जगापुढे आली. आज ती प्रत्येक ब्राउझरमध्ये आहे. काहीही इन्स्टॉल न करता, एफ १२ दाबून कन्सोल उघडला की शिकणं सुरू. तालुक्याच्या गावातल्या जुन्या लॅपटॉपवरही ती चालते, हा तिचा मोठा गुण. पण ती नवशिक्याला चुका करू देते आणि गप्प राहते.

एक अगदी साधा सराव घ्या. पानावर दोन चौकटी. एकीत चहाचं बिल २००, दुसरीत वडापावचं ५०. बटण दाबलं की बेरीज दिसली पाहिजे. नवशिक्याच्या पहिल्या प्रयत्नात उत्तर येतं २००५०. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत. कारण चौकटीतून येतो तो मजकूर असतो, संख्या नव्हे, आणि मजकुराला अधिकचं चिन्ह लावलं की जावास्क्रिप्ट दोन तुकडे शेजारी शेजारी जोडते. गंमत म्हणजे वजाबाकी केली तर उत्तर अचूक १५० येतं, कारण वजाचं चिन्ह दिसलं की ती मजकुराची संख्या करून घेते. व्हिडिओत हे दहा वेळा ऐकलं तरी ध्यानात राहत नाही. स्वतःच्या स्क्रीनवर २००५० दिसलं आणि अर्धा तास डोकं खाजवलं की जन्मभर राहतं.

सरावाला साहित्याचा तुटवडा नाही. फ्रीकोडकॅम्पवर पायरी-पायरीने जाणारा अख्खा अभ्यासक्रम फुकट आहे. एक्झर्सिझमवर उदाहरण सोडवलं की अनुभवी माणसं तुमचा कोड फावल्या वेळात तपासून देतात. कोडवॉर्सवर छोट्या उदाहरणांना ‘काता’ म्हणतात आणि पातळ्या कराटेतल्यासारख्या आहेत. वेस बॉस यांच्या ‘जावास्क्रिप्ट ३०’मध्ये कोणतंही फ्रेमवर्क न वापरता करायचे ३० छोटे प्रकल्प आहेत. मरेन हावरबेके यांचं ‘एलोक्वंट जावास्क्रिप्ट’ हे पुस्तक इंटरनेटवर मोफत वाचता येतं आणि त्यातल्या जवळपास प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी उदाहरणं आहेत. यातलं कोणतंही एक धरा आणि तडीस न्या. पाच ठिकाणी खाती उघडून कुठेच पुढे न जाणं, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती एआयच्या आधीपासूनची आहे. २००१मध्ये मायकेल मॅक्क्रॅकन यांच्या गटाने चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. हे सगळे प्रोग्रामिंगचा पहिला अभ्यासक्रम पुरा केलेले. ११० पैकी सरासरी गुण मिळाले २२.९. शिक्षकांना धक्का बसला. बहुतेकांनी निदान केलं, की मुलांना समस्या सोडवता येत नाही, तर्कशक्ती कमी पडते.

ऑस्ट्रेलियातले संशोधक रेमंड लिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी शक्यता तपासली. २००४मध्ये त्यांनी सात देशांतल्या विद्यार्थ्यांना लिहायला काही सांगितलंच नाही. तयार कोडचा छोटा तुकडा दिला आणि विचारलं: हा चालवला तर शेवटी उत्तर काय येईल? दुसऱ्या प्रकारात जवळजवळ पुरा कोड देऊन राहिलेली ओळ पर्यायांतून निवडायला सांगितली. अनेकांना हेही जमलं नाही. म्हणजे ज्यांना कोड वाचता येत नव्हता, त्यांच्याकडून आपण तो लिहून घेत होतो. या अभ्यासात मुलांचे कच्चे कागदही गोळा केले होते. ज्यांनी कागदावर प्रत्येक व्हेरिएबलची बदलती किंमत नीट मांडली होती, त्यांची उत्तरं बरोबर येण्याचं प्रमाण जास्त होतं.

आपल्याकडच्या इंजिनीअरिंग आणि बीसीएसच्या मुलांना हे नवं नाही. यालाच आपण ड्राय रन म्हणतो. पहिल्या वर्षी सर फळ्यावर तक्ता आखून दाखवतात, परीक्षेत चार गुणांना येतो, आणि नंतर कोणी त्याचं नाव काढत नाही. माझ्या मते नवशिक्याच्या सगळ्या शिक्षणात ड्राय रनइतकं मोलाचं दुसरं काही नाही, आणि आपण त्याला चार गुणांत गुंडाळलं आहे.

तो काय करतो ते एका जुन्या उदाहरणावर पाहू. येल विद्यापीठात इलियट सोलोवे यांनी १९८०च्या दशकात नवशिक्यांसाठी दिलेली समस्या पुढे ‘रेनफॉल प्रॉब्लेम’ म्हणून जगभरच्या वर्गांत पोचली. रोजच्या पावसाचे आकडे येत राहतात, ९९९९९ आला की थांबायचं. ऋण आकडा म्हणजे नोंदीतली चूक, तो सोडायचा. शेवटी सरासरी सांगायची. जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवता येतात, तेव्हा एकाला ‘बेरीज’ म्हणा, दुसऱ्याला ‘दिवस’. दोन्ही शून्यापासून सुरू. (कोडमध्ये आकडे मात्र इंग्रजीच टंकावे लागतात, देवनागरी ५ला ही भाषा संख्या मानत नाही.)

आकडे घ्या १२, ०, –५, ३०, ९९९९९. कागदावर तीन रकाने आखा: आकडा, बेरीज, दिवस. पहिली फेरी: १२, १२, १. दुसरी: ०, १२, २. तिसरीत –५ आला, दोन्ही जागच्या जागी. चौथी: ३०, ४२, ३. मग ९९९९९, थांबा. ४२ भागिले ३, सरासरी १४ मिलिमीटर.

आता नवशिक्या कुठे अडखळतो पाहा. थांबण्याची अट त्याने बेरजेनंतर लिहिली, तर ९९९९९ही बेरजेत जातो, दिवस चार होतात आणि सरासरी येते २५०१०.२५. म्हणजे रोज २५ मीटर पाऊस! असा पाऊस आंबोलीतही पडत नाही, हे सावंतवाडीचं पोरगं लगेच सांगेल. पण कन्सोल काही बोलत नाही. दुसऱ्याने अट लिहिली ‘आकडा शून्याहून मोठा असेल तर’. मग कोरडा दिवस मोजलाच जात नाही आणि सरासरी १४ऐवजी २१ येते. ही चूक जास्त घातक, कारण २१ हा आकडा पटण्यासारखा आहे. तिसरी गोष्ट: पहिलाच आकडा ९९९९९ आला तर? शून्य भागिले शून्य. पायथॉन अशा वेळी एरर देऊन थांबते. जावास्क्रिप्ट निमूट ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नाही’, असं उत्तर देते आणि पुढे चालू लागते. या तिन्ही चुका तक्त्यात दिसतात. कोड धावतो की नाही एवढंच पाहणाऱ्याला एकही दिसत नाही.

दुसरा एक सराव आपल्या मुलांनी मराठीत करावा, असं मला मनापासून वाटतं. उलटसुलट सारखा वाचला जाणारा शब्द ओळखणं, हे जवळपास प्रत्येक सराव-संचात असतं. ठरलेली कृती अशी: अक्षरं सुटी करा, क्रम उलटा करा, पुन्हा जोडा, मूळ शब्दाशी ताडून पाहा. जावास्क्रिप्टमध्ये स्प्लिट, रिव्हर्स, जॉइन, संपलं. इंग्रजी शब्दांवर ती चोख चालते. आता तिला लहानपणापासून पाठ असलेलं ‘रामाला भाला मारा’ द्या, मधली मोकळी जागा काढून. उत्तर येतं: नाही!

कारण आपल्याला ‘रा’ हे एक अक्षर दिसतं, पण संगणकात ‘र’ आणि काना वेगवेगळे साठवलेले असतात. सात अक्षरांचे चौदा तुकडे होतात आणि उलटवल्यावर एक काना सुटा होऊन सगळ्यांच्या पुढे येऊन बसतो. यावर उपाय आहे. जावास्क्रिप्टच्याच ‘इंटल’ या भागातलं ‘सेगमेंटर’ नावाचं साधन मजकूर माणसाला दिसणाऱ्या अक्षरांत तोडतं, आणि २०२४पासून ते सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये आहे. ते वापरलं की राम पास होतो. मग ‘चिमा काय कामाची’ द्या. पुन्हा नाही, कारण सुरुवातीची चि ऱ्हस्व आणि शेवटची ची दीर्घ. इथे वेलांटीचा फरक माफ करायचा की नाही, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच ठरवायचं असतं. एका छोट्या उदाहरणातून मुलगी मजकुराची साठवण, युनिकोड आणि नियम ठरवण्याची जबाबदारी, तिन्ही शिकते. इंटरनेटवरचं तयार उत्तर उतरवून काढलं असतं, तर या वाटेला ती गेलीच नसती.

आता एआयकडे येऊ. त्याला बंदी घाला, असं मी म्हणणार नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातल्या जवळपास हजार शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग २०२५मध्ये प्रसिद्ध झाला. विषय गणिताचा होता, पण धडा आपल्या कामाचा. सरावाच्या वेळी ज्यांना साधा चॅटजीपीटीसारखा सहायक दिला, त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग सहायक काढून घेऊन परीक्षा घेतली, तर हीच मुलं, ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाला उत्तर न देता फक्त इशारे देणारा सहायक मिळाला होता. सरावात तो गट १२७ टक्क्यांनी पुढे गेला आणि परीक्षेत त्याचं नुकसान जवळपास झालं नाही.

तेव्हा नियम सोपा आहे. एआयकडे उदाहरणं मागा, इशारे मागा, तुमच्या तक्त्यातली चूक दाखवायला सांगा. कोड मागू नका. त्याने कोड दिलाच, तर चालवण्याआधी कागदावर ड्राय रन करा आणि उत्तर आधी लिहून ठेवा. वाचनाच्या सरावासाठी न्यूझीलंडमधल्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६मध्ये मांडलेला प्रकारही चांगला: बरोबर कोडच्या ओळी विस्कटून द्यायच्या आणि मुलांनी त्या क्रमाने लावायच्या. असे संच एआय हवे तितके तयार करून देतो. सोडवलेलं उदाहरण आठवड्याने, जुना कोड न पाहता, कोऱ्या पानावर पुन्हा सोडवा. नुसतं परत वाचण्यापेक्षा आठवून लिहिणं जास्त टिकतं, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६मध्ये प्रयोगाने दाखवलं आहे. रोज अर्धा तास पुरे, पण रोज.

आणि कॉलेजांना एक आग्रहाची विनंती. प्रॅक्टिकलची जर्नलं एकमेकांची पाहून उतरवली जातात, हे सर्वांना माहीत आहे. आता ती एआयकडून उतरतील, एवढाच फरक. जर्नलच्या छापील पानांना गुण देणं थांबवा. व्हायवामध्ये मुलाचाच कोड समोर ठेवा, त्यातली एक ओळ बदला आणि विचारा: आता काय छापून येईल? दहा मिनिटांत कळेल कोण शिकलं आणि कोणी आणून चिकटवलं. यासाठी ना नवी लॅब लागते ना नवं बजेट. लागतो तो शिक्षकाचा वेळ, आणि तो देता यावा म्हणून वर्ग लहान ठेवण्याची संस्थेची तयारी.

पालकांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. एआय कोड लिहितो, तेव्हा कंपनीला तो तपासणारी माणसं लागतात. पिचाईंच्या त्याच विधानात अभियंते तपासतात, हा भागही होता. रोज २५ मीटर पाऊस पडला असं मशीन ठामपणे सांगत असताना ‘थांबा, अट चुकीच्या जागी आहे’ असं म्हणू शकणारा माणूस नोकरीला हवा असतो. ती नजर सर्टिफिकेटने येत नाही. तेव्हा मुलाला ‘आज किती शिकलास?’ असं विचारण्यापेक्षा त्याचा कोड पुढे ठेवून म्हणा, ‘हा ओळीओळीने मला समजावून सांग.’ तुम्हाला कोडिंग येत नसेल तरी चालेल. तो कुठे अडखळतो, हे तुम्हाला नक्की कळेल, आणि पुढचा सराव तिथूनच सुरू करायचा आहे.