तळ्याची वही आणि जुनी थकबाकी

बचतगटाची वही आपण लिहितोच, किती आले, किती गेले, शिल्लक किती. तळं सुधारायला घेण्याआधी शास्त्रज्ञही अशीच वही मांडतात. तिला ते मॉडेल म्हणतात. पैशाच्या जागी त्यात फॉस्फरस असतो. तो खतातून, मैल्यातून तळ्यात येतो. तो वाढला की पाणी शेवाळाने हिरवंगार होतं आणि घाण वास सुटतो.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ईली गावाजवळ शागावा नावाचं तळं आहे. गावाचं सांडपाणी त्यात जायचं. १९७३ मध्ये त्यातला फॉस्फरस काढून टाकणारं केंद्र सुरू झालं. तळ्यातलं पाणी साधारण वर्षभरात बदलतं, म्हणून हिशेब सोपा वाटला. जुनं पाणी वाहून जाईल, तळं लवकर निवळेल. पण उन्हाळ्यात शेवाळ येतच राहिलं.

जुनी थकबाकी वहीत नीट धरलीच नव्हती! वर्षानुवर्षांचा फॉस्फरस तळच्या गाळात लोहाला चिकटून बसला होता. उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपला की तो सुटतो आणि पुन्हा पाण्यात येतो. पुढे गाळ धरून मॉडेल मांडलं, तेव्हा उत्तर आलं की तळं सुधारेल, पण फार सावकाश.

आपल्याकडे गाळ काढतात तो बहुधा पाणी जास्त साठावं म्हणून. तेव्हा गावतळ्याची योजना ग्रामसभेत आली की दोन गोष्टी विचारा. गाळ तपासला का? आणि सांडपाण्याचा ओहोळ आधी वळवणार की नंतर?